निळ्या स्विचचा कीबोर्ड

माझ्या टेबलावरचा जुना कीबोर्ड मी वर्तमानपत्रावर उलटा धरून आपटला, तेव्हा आधी बिस्किटांचा चुरा पडला, मग केस, मग चहा वाळून झालेल्या काळ्या खपल्या, आणि सगळ्यांत शेवटी एक नख. पिवळट, जाड, कडेला मळ असलेलं. माझं नव्हतं. माझी नखं मी घरी कापते.

नख कोणाचं ते मला ठाऊक होतं. दुपारी मी डबा खायला मागच्या खोलीत गेले की साहेब माझ्या खुर्चीत येऊन बसतात, कारण खिडकीचा उजेड माझ्या टेबलावर चांगला पडतो. तिथं बसून ते नखं कापतात, बिस्किटं खातात आणि माझ्याच कंप्युटरवर बटणं दाबत पत्ते खेळतात. मग केबिनमध्ये परत जातात आणि अर्ध्या तासानं डोकं बाहेर काढून मलाच विचारतात, "बाई, काम चाललंय ना? आवाज काही येत नाही!"

ते नख मी कागदात गुंडाळून टोपलीत टाकलं आणि दोनदा हात धुतले. तरी जेवताना घास वर उचलला की ते डोळ्यांपुढं येई.

आमचं ऑफिस अपघातांच्या चौकशीचं. कारखान्यात, गोदामात, बांधकामावर कोणाचा हात गेला, पाय गेला, की त्या माणसाला आमच्याकडे बोलावतात. तो सांगतो, साहेब मधून मधून विचारतात, मी टाइप करते. पुढचं सगळं त्या जबाबावर ठरतं. चूक मालकाची की त्या माणसाचीच, त्याला काही मिळणार की हात हलवत घरी जायचं. आता हात हलवत म्हणणंही बरं नाही, पण आमच्या ऑफिसात असलेच विनोद चालतात.

आता साहेबांच्या बोटाबद्दल सांगायला हवं. फायलीची पानं उलटताना ते उजव्या हाताचं पहिलं बोट जिभेला लावतात. चांगलं ओलं करतात, घाई नसते. जबाब चालू असताना तेच बोट कधी कधी टेबलावरून दोन इंच वर उठतं. बाकीचा हात जागेवर, फक्त बोट वर. त्याचा अर्थ : हे लिहू नका. बोट खाली आलं की लिहायला लागायचं. मी या साहेबांच्या हाताखाली सहा वर्षं आहे आणि आधीच्यांच्या हाताखाली बारा वर्षं होते. बोटं सगळ्यांनाच होती.

लिहून मग पुसलं तर? तसं चालत नाही. जबाबाच्या प्रोग्रॅममध्ये एकदा टाइप केलेलं पुसलं, तर ओळीच्या कडेला लाल खूण पडते आणि छापील प्रतीवरही ती येते. जबाबात कोणी फेरफार करू नये म्हणून कुठल्या तरी शहाण्या माणसानं ही सोय केली. आमच्याकडच्या शहाण्यांनी त्यावर उपाय काढला, की नको ते मुळात टाइपच करायचं नाही. फक्त समोरच्याला वाटलं पाहिजे की लिहिलं जातंय. म्हणून बोट वर असेपर्यंत मी माझी बोटं बटणांवरून नुसती फिरवायची. दाबायची नाहीत. त्या रबरी कीबोर्डचा आवाज तसाही ओल्या पुठ्ठ्यावर टिचक्या मारल्यासारखा, आला काय नि न आला काय. स्क्रीनची पाठ समोरच्याकडे. अळीमिळी गुपचिळी.

चार वर्षांपूर्वी एक क्रेनवाला आला होता. म्हणाला, साखळी झिजलीय हे मी आधीच कळवलं होतं, लेखी दिलं होतं. साहेबांचं बोट वर गेलं. मी बोटं फिरवत राहिले. शेवटी साहेबांनी जबाब भराभर वाचून दाखवला, त्यानं मान हलवली आणि सही केली. वाचताना कोणी ऐकत नसतं. दोन तास बोलून माणूस थकलेला असतो, त्याला लघवीला जायचं असतं. आठ महिन्यांनी तो कुबडी घेऊन माझ्या खिडकीशी आला. "बाई, मी साखळीचं बोललो होतो ना? तुम्ही लिहीत होता. मी स्वतः बघितलं तुम्हाला लिहिताना."

मी म्हटलं, "रेकॉर्डवर नाही."

त्या दिवशी मी डबा न उघडता परत नेला. दुसऱ्या दिवशी मात्र खाल्ला, आणि भाजी चांगली झाली होती असंही मनात आलं. मला साहेबांच्या नखाची किळस येते, पण या भाजीची त्याहून जास्त येते.

घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, "तू काय करणार? तू फक्त टाइप करतेस." तो शिंपी आहे, मनानं सरळ आहे, माझी समजूत घालत होता. मी त्याच्या अंगावर ओरडले. का ओरडले ते त्याला आजही माहीत नाही.

कीबोर्ड बदलायची वेळ आली ती माझ्या बोटांमुळे. मधल्या दोन बोटांची टोकं बधिर व्हायला लागली होती. त्या रबरी बटणांचं असं, की तळाला आपटेपर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटायचं नाही, आणि दाबलं तरी उमटलं की नाही ते बोटाला कळायचं नाही, म्हणून दर वेळी जास्तच जोर लागायचा. डॉक्टरीणबाईंनी बोटं वाकवून बघितली, मनगट दाबलं आणि म्हणाल्या, "एक तर काम बदला, नाही तर हत्यार बदला." काम बदलायची माझी ऐपत नव्हती. मी भांडारवाल्या काकांकडे अर्ज दिला. आमच्या ऑफिसात टाचणीपासून कपाटापर्यंत सगळं त्यांच्या वहीतून जातं. काका म्हणाले, "दोन नमुने आणा. साहेब ज्यावर सही करतील तो घेऊ. आणि बाई, टिकाऊ बघा. इथं एकदा आलेली वस्तू माझ्या आधी निवृत्त होता कामा नये."

नवरा माझ्याबरोबर दुकानात आला. हत्यार निवडताना माणूस एकटा नसावा, असं त्याचं म्हणणं. दुकानदार टकलू आणि फार बोलका होता. त्यानं आधी एक लाकडी पट्टी पुढं ठेवली. तिच्यावर नुसते स्विच बसवलेले, कीबोर्ड नाही. "आधी बोट काय म्हणतं ते बघा, मग बाकीचं," तो म्हणाला. ते मला पटलं. लाल स्विच सरळ खाली गेला, वाटेत काही भेटलंच नाही. तपकिरी स्विच अर्ध्या वाटेत किंचित अडला, आणि बोटाला कळलं की अक्षर उमटलं, आता पुढं जायची गरज नाही. निळा तसाच, पण अडला की खट्ट असा मोठा आवाज.

"प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच, वेगळी स्प्रिंग," दुकानदार म्हणाला. "एक बिघडला तर तेवढाच काढायचा, दुसरा बसवायचा. कोट्यवधी वेळा दाबलात तरी काही होत नाही."

"मोजायला कोण बसलं होतं?" मी विचारलं. नवरा हसला. दुकानदारही हसला, पण जरा उशिरा.

मग त्यानं बटण उपटून दाखवलं. एका छोट्या तारेच्या चिमट्यानं ते टपकन निघालं. भिंती जाड होत्या, आणि अक्षर वरून छापलेलं नव्हतं, दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक आरपार ओतून केलेलं, म्हणजे झिजून जायचा प्रश्नच नाही. खालची सगळी जागा मोकळी दिसत होती. ब्रशनं झाडायची, फडक्यानं पुसायची, बटणं साबणाच्या पाण्यात टाकायची. मला एवढा आनंद झाला की मी ते बटण मुठीत धरून उभीच राहिले. नवऱ्यानं कीबोर्ड उचलून बघितला आणि म्हणाला, "वजन आहे. टेबलावर सरकणार नाही. माझ्या मशीनसारखं." त्याच्याकडून याहून मोठी पसंती मिळत नाही.

मी प्रत्येक कीबोर्डवर एकच वाक्य टाइप करून बघत होते. बोटांना जे पाठ असतं तेच येतं. दुकानदारानं वाकून स्क्रीनवर वाचलं : "वरील जबाब मला वाचून दाखवण्यात आला असून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे." तो म्हणाला, "वा, कोर्टात असता का?" ओळीखाली तीच ओळ, सहा वेळा. ती बघून माझं तोंड कडू झालं.

मला तपकिरी हवा होता. बोटाला सुख, आणि आवाज बेताचा. आवाज मला नको होता. का नको होता, हे त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही. नियमाला दोन नमुने लागतात म्हणून दुसरा निळा घेतला. निळा कोण घेणार, अशी माझी खात्री होती.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी आधी निळा लावून मी एक पत्र टाइप करत होते, तोच केबिनचं दार उघडलं. साहेब बाहेर आले. चेहरा उजळलेला. "हा काय आवाज?" मी म्हटलं, "साहेब, हा मोठा आहे, नको. तपकिरी—" त्यांनी हातानं मला थांबवलं. कागद उलटताना लावतात तसं बोट सवयीनं जिभेला लावलं आणि एक बटण दाबून बघितलं. खट्ट. पुन्हा दाबलं. खट्ट. बटणावर ओला ठिपका राहिला.

"हाच घ्यायचा," साहेब म्हणाले. "म्हणजे मला आत बसल्या बसल्या कळेल बाई काम करतायत का डुलक्या काढतायत."

साहेबांनी अर्जावर 'कामाचा आवाज येतो, म्हणून हाच' असं स्वतः लिहून सही केली. तो अर्ज घेऊन भांडारवाले काका नंतर माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "घंटा बांधली हो तुमच्या गळ्यात." मी त्या बटणाला स्पिरिट लावून ते तीन वेळा पुसलं.

पण कीबोर्ड होता मात्र नंबरी. आठवडाभरात बोटांची टोकं जिवंत झाली. जोर लावायला नको, खट्ट वाजलं की पुढं. मी पूर्वीपेक्षा भरभर टाइप करायला लागले. माझं डोकं दुखायचं, शेजारच्या खोलीतले नाक मुरडायचे, साहेब मात्र खूश. आवाज पाच मिनिटं थांबला की आतून हाक यायची. दुपारी त्यांनी पत्ते खेळायला बसून बघितलं, पण त्यांचीही खटखट सगळ्या ऑफिसला ऐकू जायला लागली, तेव्हा ते बंद झालं. नखंसुद्धा मग केबिनमध्येच कापायला लागले. एवढं सुख मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

तीन आठवडे जे जबाब आले ते साधे होते. कोणी शिडीवरून घसरला, कोणाच्या पायावर पिंप पडलं. बोट एकदाही वर गेलं नाही.

मग ती आली. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात कापायच्या मशीनवर होती. चाळिशीची, अंगानं बारीक, पाठ ताठ. उजव्या हाताला पांढरं बँडेज, आणि त्याच्या आकारावरून कळत होतं की आत दोन बोटं कमी आहेत. बरोबर कोणी नव्हतं. कारखान्याचा मॅनेजर मात्र आधीच येऊन बसला होता. खोलीभर अत्तर, आणि साहेबांशी तब्येतीच्या गप्पा. कारखान्याचं म्हणणं फायलीत होतं : बाईनं निष्काळजीपणानं हात आत घातला.

"सांगा," साहेब म्हणाले.

ती सांगायला लागली. नाव, किती वर्षं नोकरी, त्या दिवशीची पाळी. मी टाइप करत होते. खटखट खोलीभर. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग त्या आवाजाच्या चालीनं बोलायला लागली. मी मागं पडले की ती थांबायची, मी वाक्य संपवलं की पुढचं सुरू करायची. असं सांगणारं माणूस मला अठरा वर्षांत भेटलं नव्हतं.

"मशीनला पुढं जाळी असते," ती म्हणाली. "हात आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की माल हळू निघतो. फोरमननं तीन दिवस आधी ती काढून ठेवायला लावली."

साहेबांचं बोट वर गेलं.

माझी बोटं थांबली. मी विचार केला नाही. अठरा वर्षांत विचाराची जागाच राहिलेली नाही, बोट वर, की बोटं थांबली. आणि मग सवयीनं ती बटणांवरून फिरायला लागली, हलकी, न दाबता.

खोलीत एकदम शांतता पसरली. एवढी, की मॅनेजरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. फिरणाऱ्या बोटांचा आता काही उपयोग नव्हता. आंधळ्यालाही कळलं असतं.

ती बोलायची थांबली. मान माझ्याकडे वळली. "थांबलं," ती म्हणाली.

"काय थांबलं?" साहेबांनी विचारलं.

"यांचं मशीन. थांबलं ना?"

"त्या लिहितायत. तुम्ही पुढं बोला."

"नाही हो साहेब. बावीस वर्षं मशीनवर काढलीत. आवाज बंद झाला की मला झोपेतसुद्धा कळतं." मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता, "ताई, काय झालं? अडकलं का काही?"

मॅनेजर खाकरला. साहेब म्हणाले, "कसं लिहायचं त्याचा विचार करतायत त्या."

"मी सांगितलं तसंच लिहा की. त्यात विचार कसला?" आणि एखाद्या मंद पोराला सांगावं तसं तिनं सावकाश पुन्हा सांगितलं, "फोरमननं. तीन दिवस आधी. जाळी. काढून ठेवायला लावली. मी दोनदा म्हटलं, बसवा. म्हणाला, माल निघू दे." आणि माझ्या हातांकडे कान देऊन राहिली.

बोट अजून वरच होतं. मी ते जवळून बघितलं. नुकतीच फाइल चाळल्यामुळे टोक ओलं होतं, खिडकीच्या उजेडात चकाकत होतं. नखाखाली बिस्किटाचा चुरा. असल्या बोटांकडे बघून मी अठरा वर्षं थांबत आलेय, ही गोष्ट पहिल्यांदाच मला नीट दिसली. खरं सांगायचं तर मला वाटही सुचली होती. शिफ्टचं बटण नुसतं दाबत बसलं, तर खटखट होते आणि अक्षर एकही उमटत नाही. बाईचं समाधान, साहेबांचंही समाधान. असल्या गोष्टींत माझं डोकं आता आपोआप चालतं. कुबडीवाल्यासाठी ते कधी चाललं नव्हतं.

माझी करंगळी शिफ्टवर गेलीसुद्धा होती. ती मी उचलली.

आणि टाइप करायला लागले. फोरमननं. खटखट. तीन दिवस आधी. खटखट. प्रत्येक अक्षर भिंतीवर आपटून परत येत होतं. ती दर शब्दाला हलकेच मान हलवत होती. मी पूर्णविराम दिला तेव्हा म्हणाली, "हं," आणि पुढं बोलायला लागली. साहेबांचं बोट केव्हा खाली आलं ते मी बघितलं नाही.

त्या दिवशी जबाब वाचायच्या वेळी साहेबांचा घसा बसला. मीच वाचला, सावकाश. तिनं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली, प्रत घडी करून पिशवीत ठेवली. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. "फार आवाज आहे हो याचा. डोकं दुखत असेल."

"दुखतं," मी म्हटलं.

"कापूस घालत जा कानात," ती म्हणाली आणि गेली. आभार वगैरे काही नाही. तिनं कशाचे मानायचे? जे सांगितलं ते लिहिलं, एवढंच तर झालं होतं.

मॅनेजर गेल्यावर साहेबांनी भांडारवाल्या काकांना बोलावलं. "हा कीबोर्ड बदला. आजच. तो तपकिरी का कुठला मऊ होता, तो आणा."

काकांनी चष्मा पुसला. "साहेब, वस्तू तीन आठवडे वापरलीय. आपल्या सहीनं घेतलीय. बदलायची तर फॉर्म भरावा लागेल. कारण लिहून, खाली आपली सही. नाही तर वर विचारतील, चांगली वस्तू परत का केली."

"मग भरा! बाई, लिहा." साहेब माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. काकांनी फॉर्म स्क्रीनवर आणून दिला. वस्तूचं नाव मी भरलं. तारीख भरली. दोष, या रकान्यात काकांच्या सांगण्यावरून 'नाही' असं भरलं. पुढचा रकाना आला.

"बदलण्याचं कारण," मी वाचलं. "काय लिहू, साहेब?"

साहेबांनी काकांकडे बघितलं. आवाज जास्त आहे म्हणावं, तर आवाजासाठीच घेतलाय असं त्यांच्याच अक्षरात पहिल्या अर्जावर होतं. काकांनी तो अर्ज हातात धरलेला होता. मी दहा बोटं बटणांवर ठेवून बसले. क्रेनवाल्याला सांगण्यासारखं माझ्याकडे अजूनही काही नव्हतं. एका वाक्यानं मी धुतल्या तांदळासारखी होणार नव्हते, आणि मला तसं वाटतही नव्हतं. पण या रकान्यात काय लिहायचं ते मला ठाऊक होतं.

मी टाइप करायला लागले. पहिल्या खट्ट आवाजाला साहेब दचकले. "थांबा, मी सांगितलं कुठं अजून?" त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. त्यांचं बोट वर गेलं. ते मला दिसलं, आणि मी वाक्य पूर्ण केलं.

"याचा आवाज जबाब देणाऱ्याला ऐकू येतो."

मग फॉर्म छापला आणि साहेबांच्या सहीसाठी त्यांच्यापुढं ठेवला.